कृत्रिम मूत्रपिंडाची बखर

पाण्यात विरघळलेल्या द्रव्यांपैकी काही पातळ पडद्यातून पलीकडे झिरपतात आणि काही अलीकडेच अडून राहतात, ही गोष्ट लंडनच्या सरकारी टांकसाळीचे प्रमुख असलेले स्कॉटिश रसायनज्ञ थॉमस ग्रॅहॅम यांनी १८६१ साली सिद्ध करून दाखविली, तिला डायलिसिस हे नावही त्यांनीच दिले, आणि कड्यावर ताणलेल्या चर्मपत्री कागदातून मूत्रातील युरिया खालच्या पाण्यात उतरतो हेही त्यांनी पाहून ठेवले. परंतु मूत्रपिंडे निकामी होऊन बेशुद्धीत गेलेला रोगी याच तत्त्वाच्या बळावर निर्विवादपणे उठून बसलेला जगाला पाहावयास मिळाला तो १९४५ साली. मधल्या चौऱ्याऐंशी वर्षांत तत्त्व कोणी विसरले नव्हते आणि वैद्यांची इच्छाही कमी पडली नव्हती. घोडे अडत होते ते कारागिरीच्या, म्हणजे विद्वानांच्या लेखी दुय्यम असलेल्या बाबींपाशी: सर्वत्र एकसारख्या जाडीचा पडदा मिळत नव्हता, शरीराबाहेर काढलेले रक्त नळीत गोठत होते, आणि फिरत्या भागाला स्थिर नळी जोडावी तर त्या सांध्यातून गळती होत होती. या यंत्राचा इतिहास डॉक्टरांच्या नामावळीने सांगण्याचा प्रघात आहे. मला तो सांध्यांच्या क्रमाने सांगणे अधिक खरे वाटते.

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉन एबल आणि त्यांचे दोघे सहकारी यांनी १९१३ साली कलोडियनच्या नाजूक नळ्या स्वतः तयार करून काचेच्या नळकांड्यात बसविल्या, आणि कुत्र्याचे रक्त त्यांतून फिरवून पुन्हा त्याच्याच शिरेत सोडले. रक्त गोठू नये म्हणून लागणारे द्रव्य मात्र जळवांपासून काढावे लागे, यावरून त्या काळच्या साधनसामग्रीची कल्पना यावी. जर्मनीतील गीसन येथे गेओर्ग हास यांनी १९२४ साली माणसावर हा प्रयोग केला, तो जेमतेम १५ मिनिटे चालला, आणि रोग्यास अपाय झाला नाही एवढेच त्याचे फलित. पुढे दोन वस्तू दोन अगदी निराळ्या दिशांनी हाती आल्या. प्राण्यांच्या अवयवांतून काढलेले हेपॅरिन १९३० नंतरच्या दशकात शुद्ध स्वरूपात मिळू लागले, त्यामुळे जळवांची गरज संपली. आणि खिमा भरून सॉसेज करण्यासाठी खाटकांना लागणारी सेलोफेनची नळी कारखान्यातून हवी तितक्या लांबीची व एकाच जाडीची निघू लागली. मानवाच्या एका प्राणरक्षक यंत्राचा पडदा खाटकाच्या दुकानातून आला, हे सांगताना पाश्चात्त्य ग्रंथकारांना थोडा संकोच वाटतो असे दिसते. तो वाटण्याचे कारण नाही.

विलेम कोल्फ हे हॉलंडमधील ग्रोनिंगेनच्या रुग्णालयात नव्याने लागलेले डॉक्टर असताना १९३८ साली एका शेतकऱ्याचा बावीस वर्षांचा मुलगा त्यांच्या देखरेखीखाली होता. त्याची मूत्रपिंडे हळूहळू बंद पडत गेली, दृष्टी गेली, वांत्या थांबेनात, आणि त्याच्या आईला शेवटची बातमी सांगण्याचे काम या तरुण डॉक्टरकडेच आले. रोज वीस ग्रॅम युरिया जरी काढून टाकता आला असता तरी हा मुलगा जगला असता, असा हिशेब कोल्फ यांनी मनाशी मांडला. दुःखाचे असे ग्रॅममध्ये रूपांतर करण्याची बुद्धी सर्वांस होत नाही. मे १९४० मध्ये जर्मन फौजा हॉलंडमध्ये शिरल्या, कोल्फ यांचे ज्यू वरिष्ठ प्राध्यापक पोलाक डॅनियल्स यांनी पत्नीसह आत्महत्या केली, आणि त्या जागी नाझींच्या मर्जीतील मनुष्य नेमला गेल्यावर त्याच्या हाताखाली राहण्यापेक्षा कोल्फ यांनी कांपेन या लहानशा गावातील रुग्णालयाची नोकरी पत्करली. त्या गावात इनॅमलची भांडी तयार करणारा एक मोठा कारखाना होता आणि हेंड्रिक बेर्क हे त्याचे संचालक होते. विद्यापीठाच्या शहरात जे जमले नसते ते या गावात जमले ते मुख्यतः या कारखान्यामुळे, असे माझे मत आहे.

बेर्क यांच्या मदतीने उभे राहिलेले यंत्र दिसावयास ओबडधोबड होते. लाकडी पट्ट्यांचा एक आडवा पिंपवजा रूळ, त्याभोवती मळसूत्री गुंडाळलेली सुमारे वीस मीटर लांबीची सेलोफेनची नळी, आणि खाली इनॅमलचा एक मोठा टब, ज्यात मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज घातलेले सुमारे १०० लिटर पाणी भरलेले असे. मोटार लावून तो रूळ फिरू लागला की विहिरीवरच्या रहाटाप्रमाणे त्याची खालची बाजू सतत पाण्यात बुडत राही. नळीतील थोडेसे रक्त आपल्या वजनाने नेहमी तळाशी राहू पाही, आणि रूळ फिरत असल्यामुळे तेच रक्त वेढ्यावेढ्याने एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत जाई. म्हणजे रक्त ढकलण्यासाठी निराळा पंप लागत नव्हता. जाता जाता त्यातील युरिया सेलोफेनमधून टबातील पाण्यात उतरे. अडचण होती ती रुळाच्या आसापाशी. रोग्याच्या हाताला जोडलेली नळी स्थिर राहावयास हवी आणि रुळावरची नळी फिरावयास हवी. या दोहोंचा मेळ जेथे बसतो तेथून रक्त गळे. फोर्ड मोटारीच्या इंजिनाला पाणी पुरविणाऱ्या पंपात असाच फिरता सांधा पाणी गळू न देता काम करतो, हे कोल्फ यांना गावातील फोर्डच्या विक्रेत्याकडे कळले आणि त्या धर्तीवर त्यांनी आपला सांधा बनवून घेतला. गावावर परकी अंमल, धातूंची टंचाई, प्रत्येक वस्तूवर नियंत्रण, अशा दिवसांत हे सर्व बिनबोभाट पार पडले.

१७ मार्च १९४३ रोजी हे यंत्र पहिल्यांदा माणसाला लावण्यात आले. एकोणतीस वर्षांच्या त्या स्त्रीवर सव्वीस दिवसांत बारा वेळा उपचार झाले. प्रत्येक खेपेस युरिया उतरला, शुद्ध परतली, आणि प्रत्येक खेपेस एक नवी धमनी व एक नवी शीर कापून उघडावी लागून उपचारानंतर ती निकामी झाली. यंत्र ठीक चालत असतानाच रोगी दगावला, कारण त्याला जोडावयास शरीरात रक्तवाहिनीच उरली नव्हती. ही घटना नीट ध्यानात ठेवावी, कारण पुढची सतरा वर्षे या विद्येची सारी प्रगती याच भिंतीवर येऊन आदळत राहिली. पहिल्या सोळा रोग्यांपैकी ज्याचा जीव यंत्रामुळेच वाचला असे छातीठोकपणे म्हणता येईल असा एकही नव्हता. सप्टेंबर १९४५ मध्ये सदुसष्ट वर्षांची एक कैदी बेशुद्धावस्थेत आणण्यात आली. युद्धकाळात शत्रूशी फितूर झाल्याबद्दल ती अटकेत होती आणि गावातील पुष्कळांना तिचे मरण इष्टच वाटले असते. साडेअकरा तास यंत्र चालल्यावर तिने डोळे उघडले आणि पहिले वाक्य बोलली ते असे की, मी आता नवऱ्याला सोडचिठ्ठी देणार. तिने ती दिलीही, आणि पुढे काही वर्षे ती जगली. वैद्यकशास्त्राने आपल्या विजयासाठी कोणास निवडावे यावर गावकऱ्यांचा अधिकार चालत नाही, हे बरेच आहे.

कोल्फ यांनी आपली यंत्रे लंडन, न्यूयॉर्क, माँट्रियल येथील रुग्णालयांकडे विनामूल्य रवाना केली आणि १९५० साली ते स्वतः अमेरिकेत क्लीव्हलंडला गेले. बोस्टनच्या पीटर बेंट ब्रिगहॅम रुग्णालयात त्यांच्या रुळाचे पोलादी व सुबक रूप तयार झाले. त्यातलेच एक १९५२ साली कोरियाच्या युद्धात वोन्जूच्या लष्करी इस्पितळापर्यंत पोहोचले, आणि जखमांमुळे मूत्रपिंडे बंद पडलेल्या सैनिकांतील मृत्यूचे भयंकर प्रमाण त्याने पुष्कळ खाली आणले. स्वीडनमधील लुंड येथे निल्स आल्वाल यांनी सेलोफेनची नळी बंद पात्रात ठेवून बाहेरून दाब कमी केला आणि त्यायोगे युरियाबरोबर शरीरातील जादा पाणीही ओढून काढण्याची तजवीज केली. हा फेरफार त्या वेळी किरकोळ वाटला, पण त्याचे महत्त्व चाळीस वर्षांनी कळावयाचे होते. या सर्व यंत्रांना एक मर्यादा समान होती. अपघाताने किंवा विषबाधेने चार-दोन आठवडे बंद पडलेली मूत्रपिंडे पुन्हा सुरू होईपर्यंत ती रोग्याला तारून नेत. ज्यांची मूत्रपिंडे कायमची गेली त्यांच्यासाठी काहीही करता येत नव्हते.

रक्तवाहिन्या संपण्याची ही भिंत फुटली ती अमेरिकेच्या वायव्य टोकाला, सिअ‍ॅटल येथे. बेल्डिंग स्क्रिब्नर यांच्याकडे मूत्रपिंडे तात्पुरती बिघडल्याच्या समजुतीने पाठविलेला एक रोगी यंत्रावर ठेवताच झपाट्याने सुधारला. मग तपासणीत कळले की त्याची मूत्रपिंडे कायमची निकामी झालेली आहेत, आणि सुधारलेल्या त्या माणसाला घरी मरावयास पाठविणे भाग पडले. त्यानंतर एका पहाटे त्यांना उपाय सुचला: धमनीत एक आणि शिरेत एक अशा दोन नळ्या कायमच्या बसवाव्यात आणि यंत्र लावलेले नसेल तेव्हा त्यांची बाहेरची टोके एका वळलेल्या नळीने परस्परांना जोडून ठेवावीत, म्हणजे रक्त अखंड वाहत राहील आणि गोठावयास त्याला सवड मिळणार नाही. कल्पना साधी होती, परंतु काच किंवा रबर यांच्या स्पर्शाने रक्त गोठतेच. टेफ्लॉन नावाचे नवे द्रव्य कशालाही चिकटू देत नाही, हे एका शल्यविशारदाने सुचविले, आणि वेन क्विंटन या यांत्रिकाने ते ताठर नळकांडे तापवून हव्या त्या वळणात आणण्याची युक्ती शोधली. मार्च १९६० मध्ये बोइंग विमान कारखान्यातील एका यंत्रकारागिराच्या हातात ही जोडणी बसविण्यात आली आणि तो गृहस्थ त्यानंतर अकरा वर्षे जगला. ज्या माणसाचे आयुष्य आठवड्यांत मोजले जात होते त्याला मिळालेली ही अकरा वर्षे एका वाकविलेल्या नळीची कमाई होय. क्विंटन यांचे नाव मात्र वैद्यकीय ग्रंथांत तळटीपेतच आढळते.

जे अशक्य होते ते शक्य होताच एक निराळाच पेच उभा राहिला. जानेवारी १९६२ मध्ये सिअ‍ॅटलला कृत्रिम मूत्रपिंडाचे स्वतंत्र केंद्र उघडले, त्यात खाटा मोजक्या आणि उमेदवार अगणित. तेव्हा तेथील वैद्यकीय संघटनेने सात जणांची एक समिती नेमली: एक धर्मोपदेशक, एक वकील, एक गृहिणी, एक बँकवाला, एक कामगार पुढारी, एक सरकारी अधिकारी आणि एक शल्यविशारद. वैद्यकीय तपासणीत पात्र ठरलेल्या रोग्यांचे कागद या पंचांसमोर येत, आणि वय, संसार, पोरेबाळे, नोकरी, सांपत्तिक स्थिती, समाजातील वर्तन इत्यादि बाबी पाहून कोणाची दरखास्त मंजूर करावयाची ते ही मंडळी ठरवीत; त्यांची नावे गुप्त होती. नोव्हेंबर १९६२ च्या ‘लाइफ’ साप्ताहिकाने हे प्रकरण उजेडात आणले तेव्हा मोठा गहजब झाला. पंचांनी आपल्या परीने विवेक केला असेल. पण ज्याला मुले अधिक तो जगण्यास अधिक लायक की त्याची बायको पुनर्विवाह करू शकेल म्हणून कमी लायक, असल्या प्रश्नांचा निकाल कोणत्याही विवेकाने लागत नसतो.

या पंचायतीचा पाया पोखरला तो एका अभियंत्याने. लेस बॅब हे वॉशिंग्टन विद्यापीठात अणुअभियांत्रिकीचे प्राध्यापक होते. तोपर्यंत प्रत्येक रोग्यासाठी टाकी भरून द्रावण कालवावे लागे, आणि ते नासू नये म्हणून थंड ठेवावे लागे. बॅब यांनी असे यंत्र बांधले की ज्यात क्षारांचा दाट अर्क आणि शुद्ध पाणी एकास चौतीस या प्रमाणात अखंड मिसळत राही आणि तयार द्रावण एकाच वेळी अनेक रोग्यांना पोहोचे. हा अर्क करताना एक खोडा होता. खाण्याचा सोडा आणि कॅल्शियम एकत्र दाट केले की चुना होऊन तळाशी बसतो आणि नळ्या तुंबतात. म्हणून १९६४ साली स्क्रिब्नर यांच्या सहकाऱ्यांनी सोड्याऐवजी अॅसिटेट घातले, ज्याचे शरीर पुढे बायकार्बोनेट करून घेते.

त्याच सुमारास बॅब यांच्या परिचयातील एका कुटुंबातील शाळकरी मुलीची मूत्रपिंडे गेली. ती अल्पवयीन असल्यामुळे समितीने तिचा अर्ज नामंजूर केला. बॅब आणि त्यांचे सहकारी हातातली कामे बाजूला सारून सुमारे चार महिने खपले आणि मोठ्या यंत्राचे एका रोग्यापुरते लहान रूप त्यांनी तयार केले, जे घरी, रात्री, मुलगी झोपलेली असताना चालेल. घरात डॉक्टर नसणार, म्हणून डॉक्टरची नजर यंत्रात घालणे प्राप्त होते. द्रावणातून वीज किती सहज वाहते यावरून त्यातील क्षारांचे प्रमाण क्षणाक्षणाला कळे. प्रमाण चुकले, उष्णता वाढली, दाब पडला किंवा पडदा फाटून द्रावणात रक्ताची लाली उतरली, तर यंत्र घंटा वाजवी आणि ते द्रावण रोग्याकडे जाऊ न देता मोरीकडे वळवी. अणुभट्टीच्या विद्येत वाढलेल्या माणसालाच हे सुचावे असे मला वाटते, कारण तेथे प्रत्येक उपकरण बिघडणारच असे धरून चालण्याचा शिरस्ता आहे. आजचे प्रत्येक डायलिसिस यंत्र, ते कोणत्याही कंपनीचे असो, कुळाने या लहान यंत्राचे वंशज आहे. १९७२ च्या ऑक्टोबरात अमेरिकन सरकारने कायदा करून बहुतेक सर्व रोग्यांच्या खर्चाचा भार उचलला, तेव्हा तशा समित्यांना कामच उरले नाही.

टेफ्लॉनची नळी त्वचेतून बाहेर आलेली असे. ती पिके, निसटे, कधी तुंबे. न्यूयॉर्कमधील ब्राँक्सच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात जेम्स चिमिनो आणि मायकेल ब्रेशिया यांनी, केनेथ अॅपेल या शल्यविशारदाच्या हातून, मनगटापाशी धमनी आणि शीर शरीराच्या आतच एकमेकींना शिवून टाकल्या. धमनीच्या जोराने शीर फुगून जाड होई आणि तीत वर्षानुवर्षे पुन्हापुन्हा सुई टोचता येई. १९६६ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. एवढ्या यंत्रपरंपरेतील सर्वांत टिकाऊ सांधा शेवटी कारखान्यात न होता हाडामांसात झाला. आपल्याकडील रुग्ण ज्याला फिश्च्युला म्हणतात आणि ज्यावर बोट ठेवले असता आतली थरथर लागते, तो हाच.

पडद्याचेही रूप दरम्यान पालटले. समुद्राचे पाणी गोडे करण्यासाठी डाऊ केमिकलच्या प्रयोगशाळेत केसासारखे बारीक पोकळ तंतू काढण्याचे काम चालले होते. रिचर्ड स्टुअर्ट या डॉक्टरांनी तेथील मंडळींबरोबर त्यातूनच रक्तशोधनाची नळी घडविली, आणि १९६७ साली ती रोग्यांवर वापरण्यात आली. सुमारे दहा हजार तंतूंतून रक्त वाहते आणि भोवती द्रावण फिरते. येथेही घाम फुटला तो तंतूंमुळे नव्हे, तर दहा हजार टोके एका राळेत अशी बसविण्यामुळे की एकही गळू नये आणि एकही बुजू नये.

यानंतरची गोष्ट पाण्याची आहे, आणि ती मात्र क्लेशकारक आहे. चार तासांच्या एका बैठकीत सुमारे १२० लिटर द्रावण पडद्यापलीकडून वाहते. आठवड्यास तीन बैठकी धरल्या तर ३६० लिटर. निरोगी माणूस आठवड्यात पंधरा-वीस लिटर पाणी पितो, तेही पोटातून गाळून घेतो. नगरपालिका पाणी निवळण्यासाठी त्यात तुरटी घालतात, तिच्यातील अॅल्युमिनियम पिणाऱ्याला बाधत नाही. पण डायलिसिसच्या रोग्यांत ते मेंदूत व हाडांत साचत गेले, आणि बोलणे अडखळणारे, स्मृती गमावणारे, कारणाविना हाडे मोडणारे रोगी डेन्व्हर आणि न्यूकॅसल येथे सत्तरीच्या दशकात आढळू लागले, तेव्हा कारण कळावयास काही वर्षे गेली. ब्राझीलमधील कारुआरू येथे तर १९९६ साली शेवाळवर्गीय सूक्ष्मजंतूंचे विष उपचाराच्या पाण्यात उतरून पन्नासांहून अधिक रोगी मृत्यू पावले. यंत्र तेथे बिनचूक चालत होते, हेच भयानक. आज आपल्या जिल्हा रुग्णालयांतून डायलिसिस विभागामागे पाणी शुद्ध करणारा आर. ओ. चा स्वतंत्र संच असतो, तो उगाच नव्हे.

ऐंशीच्या दशकात दोन जुने हिशेब पुरे झाले. अॅसिटेटमुळे रोग्यांचा रक्तदाब उतरतो व मळमळते हे पुरते कळल्यावर बायकार्बोनेट परत आले; मात्र चुन्याचा तोच खोडा टाळण्यासाठी दोन अर्क वेगळे ठेवून यंत्राच्या आत, अगदी वापराच्या क्षणी, पाण्याशी एकत्र करावयाचे. आपले तंत्रज्ञ ज्यांना पार्ट ए आणि पार्ट बी म्हणतात ते हे दोन कॅन. दुसरा हिशेब आल्वाल यांच्या पाण्याचा. अधिक सच्छिद्र पडदे आल्यावर शरीरातून पाणी किती ओढले जाईल याचा भरवसा राहिना, आणि रोग्याला वरचेवर तोलून अंदाज बांधण्याची जुनी पद्धत पुरेना. मग लवचीक पडद्याने दुभागलेले दोन कप्पे यंत्रात बसविण्यात आले: जेवढे ताजे द्रावण आत, तेवढेच वापरलेले बाहेर, आणि जादा पाणी काढणारा पंप निराळा. डॉक्टरने दोन लिटर सांगितले तर दोनच लिटर उतरतात.

यंत्र कमरेला बांधून हिंडता यावे ही आकांक्षा जुनी आहे. तिची एक कसोटी २०१४ साली सिअ‍ॅटलच्याच विद्यापीठ रुग्णालयात झाली. कमरपट्ट्यातील थोडेसे द्रावण रसायनांच्या डब्यांतून पुन्हापुन्हा शुद्ध करून फिरविण्यात येत होते, आणि रोगी त्या वेळात हिंडत फिरत होते. दहा रोगी घेण्याचे ठरले होते. सातव्यानंतर प्रयोग थांबविण्यात आला, कारण युरियाचे विघटन होताना निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे द्रावणात साचू लागले, आणि रक्ताचा व द्रावणाचा प्रवाह एका गतीने राहीना.